नांगरलेला रस्ता

आमच्याकडे कुणी रस्ता नांगरला तर प्रकरण तहसीलदारापर्यंत जातं. पाणंद नांगरून आपल्या रानात घेतली म्हणून तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला न गेलेली भावकी मी पाहिली आहे. त्यामुळे डिसेंबरात व्हरमाँटला मुलीकडे पोचलो त्या रात्री ती खिडकीतून बाहेर बघत हळहळली, "अजून रस्ता नांगरला नाही हो बाबा," तेव्हा मी दचकलोच. दहा वर्षांत पोरीला रस्ता खायची सवय लागली की काय!

खुलासा लगेच झाला. बर्फ बाजूला सारायला ट्रकच्या तोंडाला जे भलंमोठं पोलादी पातं लावतात, त्याला इंग्रजीत नांगरच म्हणतात. घरात मराठीच बोलायचं असा मुलीचा दंडक असल्यामुळे तो ट्रक म्हणजे नांगर आणि चालवणारा नांगरवाला. हा माणूस मला मार्च उजाडेपर्यंत दिसला नाही. पण आमच्या आगारात आगारप्रमुखांबद्दल जेवढं बोललं जायचं, तेवढं त्या घरात या न दिसणाऱ्या माणसाबद्दल बोललं जाई. आला का? किती वाजता आला? वरच्या अंगाने आला की खालच्या? काल का नाही आला?

मी एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. घाटात दरड आली, ओढ्याला पाणी आलं, झाड आडवं पडलं, की कोणती फेरी सोडायची आणि कोणती रद्द करायची हे ठरवण्यात हयात गेली, तीही कोकणात. तेव्हा रस्ता बंद पडणे या विषयात मला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती. सवयीने एक नोंदवहीसुद्धा बरोबर घेतली होती. तारीख, फेरी, सुटण्याची नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशिराचे कारण. हिने बॅग भरताना ती दोनदा बाहेर काढून त्या जागी मेतकूट ठेवलं. मी दोनदा परत ठेवली.

व्हरमाँट म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येला कॅनडाला टेकलेलं डोंगराळ राज्य. राजधानी माँटपीलियर, वस्ती आठेक हजार. एवढ्या वस्तीवर आपल्याकडे नगरपंचायत मिळायची मारामार. राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे, खडी-मातीचे. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक लावायला 1968 पासून बंदी, त्यामुळे कुठल्याच दादांचा वाढदिवस कधी आहे ते कळत नाही. मुलीचं घर गावापासून दोन मैल वर, टेकडीवर, अशाच एका कच्च्या रस्त्याला. "एवढा व्हिसा काढून शेवटी आलो कच्च्या रस्त्यावरच," हिने पहिल्या दिवशी निकाल देऊन टाकला.

पहिली सकाळ. साडेपाचला छतावरून एक नारिंगी उजेड फिरत गेला आणि पाठोपाठ रस्त्यावरून खर्रर्र असा आवाज आला, कुणीतरी डोंगराएवढी कढई उलथन्याने खरवडावी तसा. पलीकडच्या खोलीतून मुलीचा आवाज आला, "आला!" त्यावर जावयाचा झोपेतला आवाज, "म्हणजे भरलं."

काय भरलं ते उजाडल्यावर कळलं. आदल्या रात्री जावयाने घरापासून रस्त्यापर्यंतची वाट फावड्याने मस्त साफ केली होती. आता रस्ताही साफ होता. फक्त वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे मांडीएवढा उंच बांध उभा होता. त्यात नांगरवाल्याचा काही दोष नाही. पातं तिरकं असतं, बर्फ उजव्या कडेला पडत जातो आणि आमची वाट उजव्या कडेला आहे. आभाळातून पडतो तो बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, फावड्यावर चार घमेली उचलली तरी कळत नाही. नांगराने लोटलेला बर्फ म्हणजे ढेकळं. त्यात रस्त्याची खडी, वाळू आणि एकदा तर शेजाऱ्याच्या टपालपेटीचं झाकणही निघालं. बरं, तो उचलून परत रस्त्यावर टाकायची सोय नाही, कायद्याने बंदी आहे. जावई नागपूरचा, उन्हात वाढलेला. कंबरेवर हात ठेवून तो म्हणाला, "बाबा, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी एक बांध फोडतो. पाटबंधारे खात्यात असतो तर आत्तापर्यंत प्रमोशन मिळालं असतं."

यावर उतारा शेजारच्या म्हाताऱ्याने दाखवला. गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाई आणि मेपलची झाडं बाळगून आहेत. त्यांचं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून हिने आठवड्याभरात त्यांचं 'अण्णा' करून टाकलं आणि तेही हाकेला ओ देऊ लागले. अण्णांनी मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि वाटेच्या डाव्या हाताला, नांगर येतो त्या अंगाला, रस्त्याच्या कडेने दहा पावलं जागा मोकळी करायला लावली. पात्यावर साठलेला बर्फ आधी त्या मोकळ्या जागेत पडतो आणि वाटेच्या तोंडाशी येईतो पातं बरंचसं रिकामं झालेलं असतं. पावळीचं पाणी घरात येऊ नये म्हणून आपण पावसाळ्याआधी चर मारतो, तीच ही विद्या. मला लगेच कळली. फक्त आमचा चर जूनमध्ये एकदा मारला की झालं. हा दर बर्फाला मारावा लागतो.

वाट मोकळी झाली म्हणजे बाहेर पडता येतं असं नाही. आधी कपडे. आतला थर, मधला थर, बाहेरचा थर, दोन जोड मोजे, बूट, बुटांवर खिळ्यांची जाळी, टोपी, हातमोजे. हिला नऊवारी नेसायला लागत नाही इतका वेळ मला लागे. सगळं चढवून झालं की गाडीची किल्ली सर्वांत आतल्या खिशात आहे हे आठवायचं. एकदा भिंतीवरच्या तापमापकात पाच आकडा पाहून मी महाबळेश्वरच्या हिशेबाने नुसत्या स्वेटरवर बाहेर पडलो. ते पाच फॅरनहाइट होते. आपले उणे पंधरा. नाकातले केस ताठ झाले आणि बर्फ पायाखाली करकर वाजायला लागला. दारापासून गाडीपर्यंत चालायचं ते सारवलेल्या ओल्या जमिनीवरून चालावं तसं, पाऊल सपाट, अंतर छोटं आणि हात खिशाबाहेर. लाकडाच्या शेगडीतली राख पायवाटेवर पसरतात, म्हणजे पाय घसरत नाही. राख भांडी घासायची वस्तू आहे हे हिने अण्णांना सांगून पाहिलं.

गाडी चालवायचे नियम जावयाने शिकवले. ब्रेकवर पाय ठेवायचाच नाही. ठेवलाच तर देवळाच्या पायरीला हात लावावा इतका हलका ठेवायचा. गाडी घसरायला लागली तर जिकडे जायचंय तिकडे बघायचं आणि तिकडेच चाक वळवायचं, खड्ड्याकडे बघायचं नाही. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. चढ लागला की खालूनच वेग घ्यायचा आणि मध्ये थांबायचं नाही, थांबलात तर पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. त्यामुळे आमच्या टेकडीवर उतरणारा वरच थांबून चढणाऱ्याला वाट देतो. हा मात्र आपला घाटाचा नियम निघाला आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला.

डांबरी रस्त्यावर मीठ टाकतात. पण थंडी उणे नऊच्या खाली गेली की मिठाचा फारसा गुण येत नाही. कच्च्या रस्त्यावर तर मीठ घालतच नाहीत, रस्त्याचा चिखल होतो म्हणून. तिथे नुसती वाळू. सरकार स्वतःहून गावोगाव वाळू आणून टाकतंय आणि सकाळपर्यंत ती जागेवर आहे, हे दृश्य मी रोज खिडकीतून डोळे भरून पाहत असे.

गाडीच्या डिकीत फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट, विजेरी आणि मांजराच्या शी-शूसाठी विकतात ती माती. घरात मांजर नाही. माती चाकाखाली टाकायला. हिने त्यात दशम्यांचा डबा वाढवला.

तो डबा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उघडावा लागला. मी, ही आणि मुलगी तेरा मैलांवरून वाणसामान घेऊन परतत होतो. मुलगी चालवत होती, वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. शेवटच्या वळणावर गाडीने आमचं ऐकणं सोडून दिलं. एवढा सावकाश अपघात मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. आवाज नाही, धक्का नाही. ही म्हणाली, "अहो, आपण चाललो." मी विचारलं, "कुठे?" त्यावर तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. मी नको तिकडे बघितलं, खड्ड्याकडे. मग गाडी कडेच्या चरात जाऊन एका अंगावर कलली आणि मागच्या सीटवरून बटाटे सावकाश माझ्या मांडीवर आले.

फोनला रेंज नव्हती. मुलीने आधी उतरून गाडीची धुराची नळी बर्फात रुतली आहे का ते बघितलं, कारण नळी बुजली आणि इंजिन चालू राहिलं तर विषारी वायू आत येतो आणि माणूस ऊबेत झोपल्या झोपल्या जातो. हे तिने अगदी गॅसची शेगडी बंद केली का असं विचारावं तसं सांगितलं. मी वाहतूक नियंत्रकाच्या नजरेने रस्त्याचा अंदाज घेतला: रहदारी शून्य, उजेड तासाभराचा. फेरी रद्द.

पाच मिनिटांत एक पिकअप थांबली. चालवणाऱ्या बाईंनी काच खाली केली, शेजारच्या कुत्र्याने आणि त्यांनी आमच्याकडे सारख्याच मायेने बघितलं. "इथेच होतं हे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. ही चिडली. "इथेच होतं म्हणे! हे सांगायला थांबली होती का?" तेवढ्यात दुसरी गाडी थांबली. तोही म्हणाला, "इथेच होतं." तिसरा बोलला नाही. उतरून त्याने मागेपुढे त्रिकोणी पाट्या ठेवल्या आणि उभा राहिला. मग वळणावरून अण्णांचा ट्रॅक्टर आला, साखळीसकट. बोलवायला कुणी गेलं नव्हतं. कुत्रेवाल्या बाईंनी जाता जाता त्यांच्या गोठ्याशी गाडी थांबवून एवढंच सांगितलं होतं: त्या वळणावर, निळी सुबारू. अण्णांनी साखळी अडकवली, चार मिनिटांत गाडी रस्त्यावर ओढली आणि आम्हा तिघांना नीट न्याहाळून म्हणाले, "इथेच होतं."

पैसे विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी हिने बेसनाचे लाडू वळून पाठवले. अण्णांनी डबा उघडून अत्यंत नम्रपणे विचारलं, हे झाडाला टांगायचे का? तिथे थंडीत पक्ष्यांसाठी चरबीचे गोळे झाडाला लटकवतात आणि ते दिसतात हुबेहूब बेसनाच्या लाडवासारखे. हिने तिथल्या तिथे एक लाडू खाऊन दाखवला. नंतर मात्र डबा वारंवार रिकामा होऊन परत येत राहिला, आणि पक्ष्यांनी खाल्ले असतील असं मला वाटत नाही.

अण्णांकडूनच जुन्या गोष्टी कळल्या. मोटारी येण्यापूर्वी तिथे रस्त्यावरचा बर्फ काढतच नसत, उलट दाबून बसवत. लाकडाचा भलामोठा रूळ घोड्यांना जुंपून रस्त्यावरून फिरवायचे, म्हणजे घसरगाड्या सुळकन जायच्या. पंचाईत व्हायची ती छपराच्या पुलांवर. लाकूड कुजू नये म्हणून पुलाला छप्पर, छपरामुळे आत बर्फ नाही आणि बर्फ नाही म्हणून घसरगाडी पुलावर अडून बसायची. मग गावोगाव माणसं नेमून, पैसे मोजून पुलात बर्फ टाकून घेत. वरून बर्फ पडतोय, पूल कोरडा ठेवायला छप्पर बांधलंय आणि त्याच छपराखाली पगारी माणूस फावड्याने बर्फ पसरतोय. सरकारी कामाबद्दल मी पुष्कळ पाहिलं आहे, पण इतकं सरळ कारण असलेलं इतकं विचित्र काम दुसरं आठवत नाही.

याच राज्यात जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होऊन गेला. 1885 साली त्याने बर्फाच्या एकेका कणाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे असे पाच हजारांहून जास्त काढले. शेजारी म्हणत, बर्फाचे कसले फोटो काढतो, इथे काय बर्फाचा तुटवडा आहे! 1931 च्या डिसेंबरात तो हिमवादळातून चालत घरी आला, न्यूमोनिया झाला आणि गेला. ही गोष्ट ऐकल्यापासून हिने माझं एकट्याने फिरायला जाणं बंद केलं, मी फोटो काढत नाही हे सांगूनसुद्धा.

वाट चुकण्याचा प्रकार एकदाच झाला. फोनमधल्या नकाशाने जवळचा रस्ता म्हणून एका जंगलात नेलं, पुढे पाटी: हा रस्ता हिवाळ्यात राखला जात नाही. जावयाने सांगितलं की हा चौथ्या वर्गाचा रस्ता. गावावर त्याच्या देखभालीचं बंधन नसतं, मग बर्फ काढायला कोण येतं! आपल्याकडे सरकारी कचेरी चौथ्या वर्गाच्या जिवावर चालते आणि तिथे चौथ्या वर्गाकडून कुणाचीच काही अपेक्षा नाही. मला ते फार लागलं.

टपाल टाकणाऱ्या बाईंच्या गाडीचं स्टिअरिंग मात्र उजवीकडे निघालं, खिडकीतून हात काढला की थेट पेटीत टपाल जावं म्हणून. महिनाभराने उजव्या बाजूला बसलेला चालक दिसला तेव्हा मी माहेरचं माणूस भेटावं तसा हात हलवला. पेटीसमोरचा बर्फ आपणच काढायचा असतो. तो काढायला मी रोज वेळेवर हजर असे, ते त्यांच्यासाठीच.

नातू नऊ वर्षांचा. शाळेला बर्फाची सुट्टी मिळावी म्हणून रात्री पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपायचा. वर्गातली सगळी पोरं तेच करतात म्हणे. मी हसलो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, आपण पावसासाठी बेडकांची लग्नं लावतो." मी गप्प. फेब्रुवारीत पायजमे जरा जास्तच लागू पडले आणि आठवड्यात दोनदा शाळा बंद राहिली. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी 'चमचा' असं लिहिलं आहे.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिथे गावसभा भरते. आपली ग्रामसभाच, फक्त लोक खरोखर येतात आणि बरोबर जेवणाची भांडी आणतात. शाळेच्या हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर आम्ही पाहुणे म्हणून बसलो. लाखालाखाचे ठराव हात वर करून पटापट पास झाले. मग विषय आला नवा नांगर-ट्रक घ्यायचा की जुना आणखी दोन वर्षं चालवायचा. दीड तास! गिअरबॉक्सबद्दल बोलायला एक आजीबाई उठल्या आणि आमच्या कार्यशाळेतला मुख्य कारागीर काय बोलेल असं बोलल्या. एकाने नांगराने टपालपेटी पाडल्याची तक्रार केली. दुसऱ्याने पेटी रस्त्याला फार जवळ रोवल्याची त्याच्याविरुद्ध केली. तिथेच नांगरवाला पहिल्यांदा दिसला. माझ्या डोळ्यांसमोर भीमसेन होता. निघाला तिशीतला, किडकिडीत, चष्मा लावणारा, कोपऱ्यात उभं राहून कागदाच्या ताटलीतली बीन्स खाणारा. मुलगी त्याच्याशी बोलून आली.

"काय म्हणालीस?"

"वीस तारखेला पहाटे आई-बाबांचं विमान आहे म्हटलं. चारला निघायचंय."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. मान हलवली."

आमची टेकडी त्याच्या फेरीत सर्वांत शेवटी. आधी शाळेच्या बसचे रस्ते, मग गाव, मग आम्ही. त्यात वेळापत्रक म्हणून चूक काही नाही, मीही तसंच लावलं असतं. एका घराच्या विमानासाठी कुणी अख्खी फेरी उलटी करत नाही.

एकोणीसच्या संध्याकाळी बर्फ सुरू झाला. रात्रभर पडला, फूटभर. जावई तीनला उठला आणि वाट साफ करायला लागला, मी बॅगा दारात आणल्या. नांगर साडेपाचच्या आत येणार नाही हे धरून नांगर येतो त्या अंगाची जागा आम्ही मोकळी केली नव्हती. बर्फातूनच हळूहळू उतरायचं ठरलं होतं. पावणेचारला छतावरून नारिंगी उजेड फिरत गेला. ही हात जोडून खिडकीशी उभी राहिली. मुलगी नुसती "आला, आला" म्हणत होती. नांगर टेकडीच्या माथ्यापर्यंत गेला, वळला, खाली उतरला. रस्ता असा लख्ख की त्यावर पंगत वाढावी. जाता जाता त्याने एकदा भोंगा वाजवला.

मग आम्ही गाडी वाटेच्या तोंडाशी आणली. कमरेएवढा बांध. चौघे फावडी घेऊन उतरलो. नातू घरातून उलट्या पायजम्यात धावत आला.

नोंदवहीतली शेवटची नोंद अशी आहे. फेरी: घर ते बर्लिंग्टन विमानतळ. नियोजित वेळ 4.00. प्रत्यक्ष वेळ 4.25. उशिराचे कारण: नांगर वेळेआधी आला.